नाव झाकून केलेली पारख

इसहाक वृद्ध झाला, त्याची दृष्टी मंदावली, आणि रिबकेने धाकट्या याकोबाच्या हातांना करडांची कातडी गुंडाळून त्यास बापापुढे उभे केले, ही उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा आमच्या शाळेतील बहुतेक मुलांस ठाऊक आहे. तिच्यातील एक गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्या प्रसंगी इसहाकाचे कान फसले नव्हते. आवाज कोणाचा आहे हे त्याने अचूक ओळखले होते. फसले ते हात. आणि कान एक सांगत असता हात दुसरे सांगू लागले, तेव्हा म्हाताऱ्याने हातांचे ऐकले. जी गोष्ट केवळ ऐकून ठरवावयाची, तीदेखील मनुष्य केवळ कानाने ठरवीत नाही, हे इतक्या जुन्या काळापासून दिसून आले आहे.

आम्हास या कथेची आठवण अगदी निराळ्या कारणाने झाली. गेल्या पावसाळ्यात एक पालक आमच्याकडे आले. त्यांच्या मुलास गाण्याचा मोठा नाद. घरी गाणे ऐकण्याकरिता एक चांगलासा ॲम्प्लिफायर घ्यावा, असा त्याने हट्ट धरला होता. आणि दुकानात पाहिलेल्या दोन यंत्रांपैकी एकाची किंमत दुसऱ्याच्या पाचपट होती. मुलास अर्थातच पाचपटीचे हवे होते. ते गृहस्थ म्हणाले, "मास्तर, मी दोन्ही ऐकली. महाग ते अधिक गोड वाटले, हे खरे. पण ते गोड आहे म्हणून महाग आहे, की महाग आहे म्हणून मला गोड वाटले, एवढे काही मला सांगता येईना." ज्यास हा प्रश्न आपला आपण सुचला, त्याने अर्धी परीक्षा तेथेच दिली, असे आम्ही समजतो. उरलेली अर्धी कशी द्यावी, याविषयीचे आमचे विचार पुढे मांडले आहेत.

प्रथम हे यंत्र करते काय, ते पाहू. मायक्रोफोनातून, रेडिओतून अथवा तबकडीवरून येणारा विजेचा संदेश इतका क्षीण असतो, की त्याने स्पीकरचा पडदा हालणे शक्य नाही. त्या संदेशाचे रूप जसेच्या तसे ठेवून त्याचे बळ वाढवावयाचे, एवढेच ॲम्प्लिफायरचे, म्हणजे वर्धकाचे, काम. तो नकलनवीस आहे, कवी नव्हे. नक्कल मोठ्या अक्षरात काढावी, पण पदरचा एक काना किंवा मात्रा तीत घालू नये. जो वर्धक पदरची भर घालतो तो नकलनवीस म्हणून वाईटच, मग ती भर कानाला कितीही गोड लागो, असे आमचे मत आहे. आणि ज्यांस हे मान्य नाही त्यांचे म्हणणे पुढे येईलच.

जुन्या वर्धकांना ही भर घालण्याची मोठीच खोड होती. टेलिफोनच्या लांबच लांब तारांवर एकामागून एक असे अनेक वर्धक बसवावे लागत, आणि प्रत्येकाने घातलेली थोडी थोडी विकृती साठत जाऊन शेवटी मूळ शब्द ओळखू येईनासा होई. ता. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हॅरल्ड ब्लॅक नावाचा बेल प्रयोगशाळेतील एक तरुण इंजिनियर हडसन नदी ओलांडून कामावर जात होता. नावेवरच त्यास यावरील तोड सुचली, आणि हातातील 'न्यूयॉर्क टाइम्स' पत्राच्या कोऱ्या जागेवर त्याने ती टिपून ठेवली. वर्धकातून जे बाहेर पडते त्याचा काही अंश उलटा करून पुन्हा आत आणावयाचा व मूळ संदेशाशी ताडून पाहावयाचा, म्हणजे जी चूक झाली असेल ती बहुतांशी आपली आपणच कापली जाते. बळ घटते, शुद्धता वाढते. यास निगेटिव्ह फीडबॅक असे नाव आहे. पुढे वीस वर्षांनी, सन १९४७ च्या एप्रिल व मे महिन्यांत, डी. टी. एन. विल्यमसन याने 'वायरलेस वर्ल्ड' या इंग्रजी मासिकात घरगुती वर्धकाची एक रचना प्रसिद्ध केली. व्हॉल्व्हवर चालणारा तो वर्धक १५ वॉट शक्ती देत असताही त्याची विकृती हजारात एका भागाहून कमी होती. देशोदेशींच्या हौशी लोकांनी तो आपल्या हातांनी बांधला. हा सर्व इतिहास सांगण्याचे कारण असे, की शुद्ध नक्कल करणारा वर्धक ही काही कालपरवाची अपूर्वाई नव्हे. ती विद्या जुनी आहे आणि ती आता स्वस्तही झाली आहे.

मग दुकानदार आपापल्या मालात भेद दाखवणार तो कशाचा? पहिला मान वॉटचा. ज्या मुलास वर्गातील ओहमचा नियम आठवतो त्याने एवढे करून पाहावे. स्पीकरच्या टोकांवरील व्होल्टांचा वर्ग करून त्यास स्पीकरच्या रोधाने भागले असता वॉट येतात. आठ ओहमच्या स्पीकरवर २.८३ व्होल्ट पडले म्हणजे एक वॉट झाला, २८.३ व्होल्ट पडले म्हणजे शंभर वॉट. साधारण खोलीत मन लावून गाणे ऐकताना पुष्कळदा सरासरी एक वॉटदेखील खर्च होत नाही, हे ऐकून आमच्या विद्यार्थ्यांस नवल वाटेल. शिवाय कानाचा हिशेब निराळा आहे. वॉट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही; तो अवघा तीन डेसिबल चढतो, म्हणजे जाणवण्याइतका, पण फार नव्हे. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यास शक्ती सुमारे दहापट लागते. यास्तव पन्नास वॉटचे यंत्र टाकून साठ वॉटचे घेणारा गृहस्थ आवाजाकरिता पैसे देत नसून आकड्याकरिता देत असतो.

आणि तो आकडा तरी खरा असावा! अमेरिकेत एके काळी क्षणार्धापुरते जे बळ निघेल तेच जाहिरातीत छापण्याची चढाओढ लागली. पाव सेकंद धावून घोड्याचा वेग सांगावा, तशातला तो प्रकार. अखेर तेथील फेडरल ट्रेड कमिशनने सन १९७४ मध्ये नियम केला, की घरगुती वर्धकाचा वॉटचा आकडा छापावयाचा तर तो सतत चालणाऱ्या शक्तीचा असावा, आणि तो मोजण्यापूर्वी यंत्र एक तृतीयांश शक्तीवर तासभर चालवून तापवावे. एक तृतीयांशच का? तर या वर्धकांच्या सर्वसाधारण जातीत पूर्ण शक्तीवर नव्हे, तर तिच्या साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास यंत्राच्या अंगात सर्वात जास्त उष्णता कोंडते. सैल बांधणीचे यंत्र त्या एका तासातच उघडे पडे. कारखानदारांच्या तक्रारींनंतर सन २००० मध्ये ही अट एक अष्टमांशावर आणली गेली. आणि २०२४ मध्ये त्या नियमात आठ ओहमचा भार, २० पासून २०,००० कंपनांपर्यंतची सर्व पट्टी व एक टक्क्याहून कमी विकृती, अशा अटी पक्क्या करण्यात आल्या.

आपल्या देशात ज्यांचे बालपण कॅसेटच्या काळात गेले त्यांस 'पी. एम. पी. ओ.' ही चार अक्षरे आठवत असतील. हातात मावेल एवढ्या पेटीवर शेकड्यांनी, क्वचित हजारांनी, वॉट छापलेले असत. या मापाची कोणतीही सर्वमान्य व्याख्या नाही. छापणाऱ्याच्या मनास येईल तेच माप. आजही मुलांनी आपल्या टेबलावरील लहान स्पीकरचा हिशेब करून पाहावा. संगणकाच्या साध्या जुन्या यूएसबी खाचेतून ५ व्होल्ट व अर्धा अँपिअर मिळतो, म्हणजे अडीच वॉट. जे यंत्र अडीच वॉट खाते ते शेकडो वॉट सतत बाहेर कसे टाकील? गाय जेवढा चारा खाते त्याहून अधिक वजनाचे लोणी तिने दिले, असे कोणी सांगितले तर आपण त्यास हसू. पण पेटीवर छापलेले असले म्हणजे हसू येत नाही. वॉटच्या या हव्यासाचा उपद्रव उत्सवाच्या दिवसांत साऱ्या गल्लीस भोगावा लागतो, तो विषय निराळा. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे, एवढे पालकांनी लक्षात ठेवले तरी पुरे.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, की आकडे खरे असले म्हणजे झाले. मग कान हवेत कशाला? आमच्या विज्ञानशाखेच्या मुलांचा कल इकडे फार असतो. त्यांनी पुढील गोष्ट नीट वाचावी.

सन १९६० नंतरच्या काही वर्षांत व्हॉल्व्ह मागे पडून ट्रांझिस्टरचे वर्धक बाजारात येऊ लागले. त्यांतील कित्येकांचे विकृतीचे आकडे कागदावर उत्तम होते. तरी ऐकणारे तक्रार करीत, की आवाज कर्कश वाटतो, आणि विशेष असे, की तो हळू लावला असता अधिकच खटकतो. मोजणारे म्हणत, हा तुमच्या कानांचा भ्रम. भ्रम नव्हता. मोठी करवत ओढणारे दोन सुतार आपण पाहिले असतील. एक आपल्याकडे ओढतो, मग दुसरा. दुसऱ्याने हात घालण्यास किंचित उशीर केला, की करवत मधल्या मध्ये क्षणभर अडखळते. या वर्धकांतही ट्रांझिस्टरांची जोडी ध्वनिलहरीचा अर्धा अर्धा भाग आळीपाळीने वाहत असते. हातपालटाच्या त्या जागी लहानसा खळगा पडे. आवाज मोठा असला म्हणजे प्रचंड लहरीत तो खळगा नगण्य. आवाज लहान झाला की खळगा तेवढाच राही आणि लहरच त्याच्यापुढे थिटी पडे. मोजणी मात्र पूर्ण शक्तीवर केलेली! तेव्हा आकडा खोटा नव्हता, पण तो नको त्या जागी मोजलेला होता. तसेच सगळी विकृती एकाच मापाची धरणे हेही चुकीचे. मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांची भर कानात सहज मिसळून जाते. सातपट, नऊपट कंपनांची तेवढीच भर मात्र खड्यासारखी दाताखाली येते. बी. बी. सी. च्या डी. ई. एल. शॉर्टर याने १९५० मध्येच, वरच्या पटींतील विकृतीस अधिक वजन देऊन मोजावे, असे सुचवले होते. पण एकच लहानसा आकडा छापण्याचा मोह मोठा असतो. त्यामुळे त्याच्या सूचनेकडे बाजाराने फारसे लक्ष दिले नाही.

म्हणून पेटीवरील आकड्यापुढे आम्ही हात जोडीत नाही. त्या वेळी कान खरे ठरले. परंतु एकदा खरे ठरलेल्या साक्षीदारास उलटतपासणीतून कायमची सूट देता येत नाही.

आता त्या पालकांच्या दुकानाकडे वळू. पुढील रविवारी आम्ही त्यांच्याबरोबर तेथे गेलो. खिशात एक साधा व्होल्टमापक होता. दोन्ही यंत्रांची आवाजाची खुंटी सारख्याच खुणेवर ठेवलेली होती, आणि मुलाच्या मते परीक्षा अगदी समतोल चालली होती. आम्ही मोबाइलवरून चारशे कंपनांचा एकसुरी स्वर लावून स्पीकरच्या टोकांशी माप घेतले. महाग यंत्र २.०० व्होल्ट देत होते, स्वस्त १.८६. यात दुकानदाराची लबाडी मुळीच नव्हती. खुंटीवरील खूण म्हणजे काही शेराचे माप नव्हे. प्रत्येक यंत्राची खूण वेगळी. पण एवढ्या फरकाने एकाचा आवाज दुसऱ्याहून सुमारे ०.६ डेसिबल चढतो. हा फरक इतका सूक्ष्म आहे, की 'आवाज मोठा झाला' असे ऐकणाऱ्यास वाटत नाही. त्यास वाटते, की आवाज अधिक भरीव झाला, तंबोऱ्याच्या तारा सुट्या ऐकू येऊ लागल्या, गायिका दोन पावले पुढे येऊन बसली. सारी विशेषणे येथूनच जन्मास येतात. यास्तव दोन वर्धकांची तुलना करावयाची तर प्रथम दोहोंचे व्होल्ट शेकडा एक भागाच्या आत जुळवावे. हे न करता दिलेला कोणताही निकाल, मग तो कितीही जाणत्याचा असो, आम्ही ग्राह्य धरीत नाही.

दुसरी अट नाव झाकण्याची. शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव नसते, हे आपण सर्व जाणतो. परीक्षक अप्रामाणिक असतो म्हणून तसे करतात काय? नव्हे. प्रामाणिक परीक्षकाच्या मनावरही ओळखीच्या नावाची सावली पडते, आणि ती पडली हे त्यास स्वतःस कळत नाही, म्हणून. जाड धातूची कपाळपट्टी, निळा दिवा, उचलताना लागणारे वजन आणि किमतीची चिठ्ठी ही याकोबाच्या हातांवरील कातडी होत. ती दूर केल्यावाचून कानाची साक्ष घेण्यात अर्थ नाही. आणि जो मनुष्य आतून यंत्र बदलतो त्याचेही तोंड ऐकणाऱ्यास दिसता कामा नये. नाहीतर ऐकणारा त्याच्या भुवयाच वाचतो.

तिसरी अट पुष्कळ पाळ्यांची. सन १९३५ मध्ये आर. ए. फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने प्रयोगांच्या रचनेवर ग्रंथ लिहिला, त्याच्या आरंभीच एका बाईंचे उदाहरण आहे. चहाच्या पेल्यात दूध आधी घातले की चहा आधी ओतला, हे आपण चवीवरून सांगू शकतो, असे त्यांचे म्हणणे. फिशरची योजना अशी, की आठ पेले करावे, चार एका रीतीचे व चार दुसऱ्या. ते मिसळून बाईंपुढे ठेवावे. केवळ अंदाजाने सर्व बरोबर येण्याचा संभव सत्तरांत एक. वर्धकासही हेच लागू. एकदाच बरोबर ओळखणे म्हणजे छापाकाटा. सोळा पाळ्यांपैकी बारा अथवा अधिक बरोबर आल्या, तर नुसत्या दैवाने तसे होण्याचा संभव शेकडा चारांहूनही थोडा कमी असतो. तेव्हा त्या कानास मान द्यावा. नऊ आल्या तर? नुसते नाणे उडविले तरी सोळांत नऊ किंवा अधिक छाप शंभरांत चाळीस वेळा पडतात.

या रीतीने परीक्षा घेतल्या तेव्हा काय दिसून आले? इंग्लंडात हंटिंग्डन येथे क्वाड नावाचे वर्धक तयार होत. पीटर वॉकर याने उभारलेल्या या कारखान्याचा १९५३ चा व्हॉल्व्हचा वर्धक, १९६७ चा ट्रांझिस्टरचा आणि १९७५ चा अगदी नव्या रचनेचा वर्धक, असे तीन पिढ्यांचे तीन नग जेम्स मॉयर याने एकमेकांशी ताडून पाहिले. पहिला १५ वॉटचा, दुसरा ४५ चा, तिसरा १०० चा. व्हॉल्व्हचा आवाज उबदार व ट्रांझिस्टरचा थंड, हा वाद तेव्हा ऐन भरात होता. सन १९७८ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात निकाल प्रसिद्ध झाला: कोणत्याही यंत्राची मर्यादा ओलांडू न देता, आवाज जुळवून व नावे झाकून ऐकविले असता, मुरलेल्या ऐकणाऱ्यांसही ती तीन यंत्रे अंदाजापलीकडे ओळखता आली नाहीत. परीक्षा स्वतः कारखान्यानेच घडवून आणली होती, हे सांगणे न्यायाचे आहे. पण तिचा निकाल कारखान्यास सोयीचा होता काय? आपलाच नवा माल आपल्याच पंचवीस वर्षांपूर्वीच्या मालाहून कानाला वेगळा लागत नाही, असे जगास सांगणारा व्यापारी विरळाच म्हणावयाचा.

अमेरिकेतील 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने जानेवारी १९८७ च्या अंकात सहा वर्धकांची अशीच तपासणी छापली. सर्वात स्वस्त यंत्र दोनशेवीस डॉलरांच्या आसपासचे, तर सर्वात महाग जोडी सुमारे बारा हजार डॉलरांची. ऐकणारे पंचवीस, त्यांत भेद ऐकू येतो असे शपथेवर सांगणारे होते आणि त्यास हसणारेही होते. पडदा टाकल्यावर दोन्ही पक्षांचे उत्तर एकच आले, ते म्हणजे नाण्याचे.

परंतु आम्हास सर्वात मौजेचा वाटतो तो बॉब कार्व्हरचा पैजेचा प्रसंग. सन १९८५ मध्ये त्याने 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या संपादकांस आव्हान दिले, की तुम्ही सांगाल त्या महागड्या वर्धकाचा आवाज मी माझ्या स्वस्त ट्रांझिस्टरच्या वर्धकातून काढून दाखवितो. संपादक केवळ आपल्या कानांवर भिस्त ठेवणारे होते. त्यांनी एक मोठा व्हॉल्व्हचा वर्धक पुढे केला. कार्व्हरची रीत अशी: दोन्ही यंत्रांस एकच संदेश द्यावयाचा आणि दोहोंच्या उत्तरांची वजाबाकी ऐकावयाची. यंत्रे सारखी असतील तर वजाबाकी शून्य, म्हणजे शांतता. जेवढा आवाज शिल्लक राहील तेवढाच काय तो दोघांतील भेद. सुमारे दोन दिवस खपून त्याने आपल्या यंत्रात फेरफार करीत करीत ती शिल्लक मूळ आवाजाच्या सुमारे तीन हजारांशापर्यंत खाली आणली. आणि संपादकांनी प्रामाणिकपणे लिहिले, की आम्हास आता दोन यंत्रे वेगळी सांगता येत नाहीत. पुढे कारखान्यातून निघालेल्या नगांत ती बरोबरी टिकली नाही, अशी त्याच मासिकाने तक्रार केली, आणि तीही मोजूनच केली. हरल्याचे कबूल करणारे संपादक आम्हास जिंकणाऱ्या इंजिनियराइतकेच आदरणीय वाटतात.

याच प्रसंगात विरोधी पक्षाचे खरे बळही दिसते. फेरफार करण्यापूर्वी दोन यंत्रांत भेद होता! व्हॉल्व्हच्या कित्येक वर्धकांच्या बाहेरील टोकाशी बराच रोध असतो, आणि स्पीकरचा स्वतःचा रोध स्वरागणिक बदलत असल्यामुळे काही स्वर किंचित चढतात, काही उतरतात. हा भेद कानाला ऐकू येऊ शकतो आणि कागदावर मोजताही येतो. तसेच लहान यंत्राकडून मोठ्या सभागृहाचे काम घेतले, तर लहरींची शिखरे छाटली जातात आणि आवाज फाटतो. चार ओहमच्या अवजड स्पीकरपुढे दुबळे यंत्र दम टाकते. 'सर्व वर्धक सारखेच' असे म्हणणारा मनुष्य तेव्हा अर्धवट बोलतो. शिवाय पंचवीस जणांस भेद ओळखता आला नाही, म्हणजे भेद नाहीच असे सिद्ध झाले, हेही तर्कशास्त्रास धरून नाही. थोड्या पाळ्यांच्या परीक्षेतून बारीक भेद निसटू शकतो. आमचे म्हणणे इतकेच, की ज्यास भेद ऐकू येतो त्याने तो पडद्याआड दाखवावा. सिद्ध करण्याचा बोजा पाचपट पैसे मागणाऱ्यावर आहे, वाचविणाऱ्यावर नाही.

एखाद्यास व्हॉल्व्हचा तांबूस उजेड आवडतो, किंवा त्या यंत्राने घातलेली गोड भरच आवडते, तर त्याने ते खुशाल घ्यावे. घरच्या दिवाणखान्यात रुचीस स्थान आहे. मुलाच्या हट्टाखातर कर्ज काढावे लागणाऱ्या घरात मात्र, 'आवाज शुद्ध' या नावाखाली दिव्याची किंमत भरली जाऊ नये.

दुकानातील हकीकत अर्धी राहिली. व्होल्ट जुळविल्यावर दुकानदारानेच हौसेने एक चादर आणून दोन्ही यंत्रांवर घातली. चादरीआड तो नाणे उडवून यंत्र बदली आणि मुलगा पाठ करून उत्तरे एका कागदावर लिही. दोन यंत्रांची बाहेरील टोके चुकूनही एकत्र जोडावयाची नसतात, म्हणून प्रत्येक वेळी एक काढून मगच दुसरे जोडले. त्यामुळे वेळ फार गेला आणि गिऱ्हाइके सभोवती जमली. सोळांपैकी नऊ उत्तरे बरोबर आली. वडिलांनी स्वस्त यंत्र घेतले व उरलेल्या पैशांतून थोडे चांगले स्पीकर घेतले, ही आमच्या मते शहाणपणाची खरेदी; कारण दोन स्पीकरांतील भेद चादरीआडूनही कोणास सांगता येतो.

मुलाचे समाधान मात्र झालेले नाही. त्याचे म्हणणे, की दुकानात गर्दी होती, पंख्याचा आवाज होता, गाणे त्याच्या आवडीचे नव्हते, आणि सोळा पाळ्या ही काही फार मोठी संख्या नव्हे. हे चारही आक्षेप योग्य आहेत, असे आम्ही त्यास सांगितले. नाताळच्या सुटीत एका मित्राकडून महाग जातीचे यंत्र मागून आणून तो घरी शांत खोलीत चाळीस पाळ्या करणार आहे. व्होल्टमापक आम्ही त्यास दिला आहे. चादर त्याच्या आईची.